घरात कोण कोण राहतं

रायपूर
रविवार, २० जानेवारी २०१३

शर्मिष्ठा,

तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तुझ्या भावानं उचलला आणि तिन्ही वेळा तू आंघोळीले गेली होती. नागपूरले पाण्याची एवढी सोय झाली हे मले माहीत नव्हतं. म्हणून लिहून राहिलो. लग्न ठरल्यावर एक पत्र लिहिलं होतं मी तुले, त्याचंही उत्तर आलं नव्हतं, पण तेव्हा तू लाजून राहिली होती. शुद्ध लिहिता येत नाही मले, बोलतो तसंच लिहितो. समजून घे.

श्रावणी बरी आहे. खाते, शाळेत जाते. वेण्या मी घालतो. एक वर जाते, एक खाली, तरी तिची काही तक्रार नसते. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. नाना बरे आहेत, माझ्या बापाचं तुले माहीतच आहे, खुर्चीत बसून असतात, पेपर वाचतात, तोच पेपर संध्याकाळी पुन्हा वाचतात. मी सकाळी डबे भरतो, उरल्याले मिलमध्ये जातो, ड्रॉइंग ऑफिसात बसतो, सहाले परत येतो. नवी राजधानी बांधून राहिले तिकडे, सळया आमच्या मिलच्या जातात, काम खूप आहे. कोणी विचारलं कसं काय, तर ठीक म्हणतो. आणि खरंच सांगतो, ठीकच असते. आपल्या वरदले जाऊन चार महिने झाले. त्या डेंग्यूच्या पाच दिवसांत मी रडलो नाही, नंतरही नाही, आणि अजूनही मले काही वाटून नाही राहिलं. तुले माझा राग याचाच आहे, माहीत आहे मले.

दर शनिवारी श्रावणीले घेऊन बूढापाऱ्यात जातो. तूच शोधली होती ती जागा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोट्टी वर्गात तोंड उघडत नाही, हिले चित्रांतून उपचार करतात तिथं न्या, आणि मी म्हणलो होतो की ड्रॉइंग क्लासनं काय होणार. तिथली निधी दीदी मले पहिल्याच दिवशी म्हणे, "भैया, ये ड्रॉइंग क्लास नहीं है. यहाँ कोई नंबर नहीं देगा." त्या दोन खोल्यांत रंग आहेत, माती आहे, जुनी मासिकं आहेत कापायले, आणि रबर मात्र एकही नाही. मी विचारलं, चुकलं तर? म्हणे, यहाँ गलत होता ही नहीं. वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाले हे ऐकवते.

तू उठून गेली त्या दिवसाचं एकदा लिहून टाकतो. दीदीनं एक मोठा कागद घरी दिला होता. आठवडाभर घरात फिरवायचा, ज्यानं त्यानं आपल्या पाळीले त्यावर काढायचं. घर में कौन-कौन रहता है, एवढाच विषय. आधी श्रावणीनं काढलं, मग नानानं आपली खुर्ची काढली, मग मी एक कुंडी काढली. तुझी पाळी शेवटची, शनिवारी, तिथं सगळ्यांसमोर. तू कागद पाह्यला आणि विचारलं, "वरद कुठे आहे?" श्रावणी कागदाकडे पाहून राहिली. तू म्हणली, "विसरली तू त्याले?" आणि चप्पल घालून खाली उतरली. मंगळवारी तू नागपूरच्या गाडीत होती.

लहान पोट्टी आहे, शर्मिष्ठा. विसरली असेल. नाही तर कागदावर जागा पुरली नसेल. लेकरांच्या चित्राचं एवढं मनावर घ्यायचं नसतं.

दोन फेब्रुवारीले शनिवार आहे. दीदी म्हणे, मम्मी एक घंटे के लिए आ जाए तो बहुत होगा. ये.

सुशील


रविवार, १० फेब्रुवारी

शर्मिष्ठा,

तू आली नाही. नीलेशचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणे, "जिजाजी, ताई म्हणते, जिनं सख्ख्या भावाले तीन महिन्यांत काढून टाकलं, तिच्याशी मी काय बोलू." मग हळूच म्हणे की ताई वरदचा चौकटीचा शर्ट उशाखाली घेऊन झोपते. तो शर्ट तुझ्याजवळ आहे हे मले माहीत नव्हतं. तेरवीनंतर नानानं सगळे कपडे पिशवीत भरून देऊन टाकले होते. एक वाचला, बरं झालं.

श्रावणी तुझ्याबद्दल विचारत नाही. रोज संध्याकाळी फोनजवळ बसून गृहपाठ करते, टेबल रिकामं असलं तरी. मी म्हणलो टेबलावर बस, तर म्हणे, "यहीं ठीक है." मराठीत विचारतो, हिंदीत उत्तर देते. तू होती तेव्हा तुझ्याशी तरी मराठीत बोलायची.

निधी दीदीनं काल मले बाजूले घेऊन श्रावणीच्या वहीतली चित्रं दाखवली. पाण्याची टाकी, जिना, पंखा, ऑटो. ऑटोत ड्रायव्हर नाही. जिन्यावर कोणी नाही. म्हणे, "भैया, उस दिन के बाद से इसने एक भी आदमी नहीं बनाया." मी म्हणलो, जिना चांगला काढला आहे, पायऱ्या सारख्या आहेत. दीदी माझ्याकडे पाहत राहिली. तिचा दोष नाही, माझं बोलणं मलेही विचित्र वाटलं.

मागच्या शनिवारी नानालेही बोलावलं होतं. सगळ्यांनी मिळून माती मळायची आणि हवं ते करायचं. नाना आधी म्हणे, हे काय पोट्ट्यांचे खेळ. मग बसले. त्यांनी महादेवाची पिंड केली, दुसरं काही येत नाही त्यांले. मी एक ठोकळा केला, कडा अंगठ्यानं सरळ केल्या. श्रावणीनं मातीचा गोळा केला आणि तासभर तो हातात धरून बसली. दीदीनं विचारलं, ये क्या है? म्हणे, "कुछ नहीं. गरम हो गया है." तो ठेवून दे म्हणलं तर ठेवेना.

तेवढ्यात दीदीनं कपाटातून तो मोठा कागद काढला. मले वाटलं होतं तू फाडला असशील, पण तो तिथंच होता. उजव्या कोपऱ्यात खाली बोट ठेवून म्हणे, "भैया, ये आपने लिखा है?" मी वाकून पाह्यलं. बारीक अक्षरात होतं, सु., सुधारित १, १४-१२-१२. अक्षर वळणदार आहे माझं, तुले माहीत आहे. आमच्या ऑफिसात नकाशात काही बदल केला की कोपऱ्यात सही, तारीख आणि कितवी सुधारणा ते टाकावं लागते, नाही तर साहेब नकाशा हातात घेत नाही. मी म्हणलो, आदत है.

"सुधारित मतलब?"

"मतलब करेक्ट किया हुआ."

"क्या करेक्ट किया, भैया?"

मी म्हणलो, घराची भिंत वाकडी होती, स्केलनं सरळ केली. ती म्हणे, "अच्छा." आणि कागद परत कपाटात ठेवला. श्रावणी तिथंच होती. हातात गोळा घेऊन माझ्याकडे पाहून राहिली होती. हे तुले काहून सांगून राहिलो, मले माहीत नाही. दुसरं काही लिहायले नव्हतं म्हणून असेल.

शाल पाठवून देऊ का तुझी? तिकडे थंडी असेल अजून.

सुशील


रविवार, १७ मार्च

शर्मिष्ठा,

हे पत्र टाकीन की नाही, माहीत नाही. लिहितो.

चौदा डिसेंबरचा शुक्रवार. मिलमध्ये शटडाउन होतं, मी दुपारी दोनले घरी आलो. नाना झोपले होते. तू श्रावणीले शाळेतून घेऊन परस्पर गोल बाजारात गेली होती, तिच्या स्वेटरसाठी. कागद टेबलावर होता आणि माझी पाळी होती.

तिनं सगळ्यांले काढलं होतं. तुझी वेणी जमिनीपर्यंत. माझ्या कानावर पेन्सिल. नाना कोपऱ्यात, त्यांची खुर्ची त्यांनी स्वतः बाजूले काढलेली. आणि मधात वरद. आपल्या सगळ्यांपेक्षा उंच. गुलाबी रंगाचा, तोंडभर दात, आणि हातात तो टूथब्रश, जो घेऊन तो दिवसभर घरात फिरायचा आणि तू मागं मागं फिरायची की थुंक आधी, थुंक. दुसरा हात श्रावणीच्या हातात. डोक्यावर नाव लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात, निळ्या खडूनं.

मी खुर्ची ओढून बसलो आणि पाहत राहिलो. काही वाटलं नाही. हेच तुले सांगायचं आहे, काही वाटलं नाही. आमच्या शेडमधून एखादी मशीन काढली की मी ती लेआउटमधूनही काढतो. नाही काढली तर पुढचा माणूस नकाशा पाहून तिथं केबल नेतो आणि मग सगळे मले विचारतात. नाना तेरवीच्या दिवशी म्हणाले होते ना, लहान लेकराचा फोटो भिंतीले लावू नये, त्याचं नाव काढू नये, पोट्टी आपोआप विसरते. तू तेव्हा उठून आत गेली होती. मी हो म्हणलो होतो. त्या दिवशी कागदाकडे पाहून मले वाटलं, हे काम राहून गेलं आहे.

तेलकट खडू रबरानं जात नाही. मी अर्धं ब्लेड घेतलं. पूर्वी आम्ही ट्रेसिंग पेपरवरची शाई अशीच खरवडायचो, हात तयार आहे माझा, कागद फाटत नाही. आधी नाव काढलं. मग डोकं, मग दात, मग खालचं. ब्रश शेवटी राहिला. श्रावणीचा हात त्याच्याकडे वळलेला होता, तो खरवडून खाली सरळ काढून दिला. मग नखानं घासून कागद सपाट केला. गुलाबी कीस पडला होता टेबलावर, तो गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मधात जागा रिकामी दिसत होती, म्हणून तिथं कुंडी काढली, जास्वंदाची. तीन फुलं, एक कळी. आणि खाली सही करून तारीख टाकली.

चांगलं काम झालं, असं वाटलं मले. खोटं नाही बोलत.

दुसऱ्या दिवशी तू विचारलं, वरद कुठे आहे. श्रावणीनं कुंडीकडे पाह्यलं. मग माझ्याकडे. मी पाण्याच्या बाटलीकडे पाहून राहिलो, तिच्यावर झाकण नव्हतं. मले वाटलं आता ही सांगते. नाही सांगतलं तिनं. विसरली का, असं तू तिले विचारलं, तरी नाही. मग तू गेली, आणि मी तुले पत्रात लिहिलं की ती विसरली असेल, जागा पुरली नसेल. ते मी लिहिलं. शांतपणे, टेबलावर बसून, बाजूले चहा घेऊन.

काल दीदीनं मले पुन्हा विचारलं, आप कुछ बताना चाहेंगे? मी म्हणलो, नाही. श्रावणीनं काल खिडकी काढली. बंद.

तू तिच्यावर रागावली आहेस आणि तो राग माझ्या वाट्याचा आहे. एवढं एक वाक्य लिहायले मले तीन महिने लागले.

सुशील


रविवार, ३१ मार्च

शर्मिष्ठा,

सतरा तारखेचं पत्र दोन आठवडे माझ्या ऑफिसच्या बॅगेत होतं. तिकीट लावलेलं. उरल्याच्या गेटसमोर डबा आहे टपालाचा, रोज त्याच्यासमोरून गेलो. मधात होळी येऊन गेली. श्रावणी रंग खेळली नाही, कोणी आग्रहही केला नाही. आता दोन्ही पत्रं एकाच पाकिटात टाकून राहिलो. आधी ते वाच, मग हे.

काल मी निधी दीदीले सांगतलं. सगळं, ब्लेडपासून. मले वाटलं होतं ती काही बोलेल, चिडेल तरी. ती म्हणे, "मुझे नहीं, भैया. उसको बताइए." आणि माझी खुर्ची उचलून श्रावणीच्या टेबलाजवळ ठेवली. लहान खुर्ची आहे ती, गुडघे हनुवटीले लागतात. श्रावणी जिना रंगवून राहिली होती. मी म्हणलो, "बेटा, तू वरद काढला होता ना, तो मी खोडला. कुंडी काढली ती त्याच्यावर काढली."

तिनं मान वर केली नाही. पायरी रंगवत म्हणे, "पता है. डस्टबिन में देखा था."

म्हणजे त्याच दिवशी. स्वेटर घेऊन आली तेव्हाच. शनिवारी दीदीकडे जाताना ऑटोत तुझ्या मांडीवर डोकं ठेवून बसली होती, आठवते तुले? तेव्हा तिले माहीत होतं.

मी विचारलं, "मग मम्मीले काहून नाही सांगतलं? मम्मी तुलेच बोलली ना."

तिनं पायरीचा कोपरा भरला. मग खडू ठेवला आणि मले समजावून सांगतलं, मी नानाले मोबाईलचं बिल समजावतो तसं, एक एक करून. म्हणे, "मम्मी मुझसे गुस्सा है ना, तो वापस आएगी. मैं तो उसकी बेटी हूँ. आपसे गुस्सा हो गई तो नहीं आएगी."

दीदी लिहून राहिली होती, तिचा पेन थांबला. मले लाज वाटली, शर्मिष्ठा. सहा महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं आणि ती लाज होती. कान तापले, उठून जावंसं वाटलं, पण खुर्ची लहान, पटकन उठताही येईना. तसाच बसलो. तिनं दुसरी पायरी रंगवायले घेतली.

निघताना ऑटोत म्हणे, "आप मम्मी को बता दोगे?" मी म्हणलो हव, पत्र लिहून ठेवलं आहे. तिनं माझ्या बॅगेचा पट्टा धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. म्हणे, "मत भेजो ना, पापा. थोड़े दिन और रुक जाओ. आ जाएगी वो." मी काही कबूल केलं नाही. आज सकाळी दूध पिताना पुन्हा विचारलं. मी म्हणलो, जाणार पत्र. रडली नाही. पेला मोरीत ठेवला, बाहेर जाऊन पायरीवर बसली, अजून तिथंच आहे. नाना तिच्या बाजूले जाऊन बसले आहेत. खुर्ची सोडून. त्यांलेही मी सकाळी सांगतलं. ते म्हणे, विसरेल असं मले वाटलं होतं रे. मग म्हणे, मीच कुठं विसरलो.

त्या कागदावर काय होतं ते आता तुले माहीत झालं. तो सगळ्यांत उंच होता. तिनं त्याले आपल्या सगळ्यांच्या मधात उभं केलं होतं आणि त्याचा हात धरला होता. तू जे पाह्यलं नाही, ते तिथं होतं.

मी माफी मागून नाही राहिलो. मागितली की तुले काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मले उत्तर नको. माझ्यासाठी येऊही नको. तिले नागपूरले न्यायचं असेल तर ने, मी हो म्हणतो, शाळेतून दाखला काढून ठेवतो. दीदीनं तिकडच्या एका बाईंचा पत्ता दिला आहे, असंच काम करतात त्या, तो मागच्या बाजूले लिहिला आहे. फक्त आधी तिले भेट आणि तुझ्या तोंडानं सांग की तू तिच्यावर रागावलेली नाहीस. तिले वाटते, तुझा राग माझ्याकडे वळला की तू परत येणार नाहीस. तसं नाही, हे मी तिले कितीही सांगतलं तरी पटणार नाही. माझं काही पटावं असं मी ठेवलंच नाही.

मी सकाळी साडेआठले निघतो आणि सहाच्या आधी परतत नाही. श्रावणी दीडले घरी येते. मधात साडेचार तास आहेत, तेवढ्यात माझं तोंड पाहायची पाळी तुझ्यावर येणार नाही.

सुशील